बारा आण्यांची बैठक

न्हावऱ्याहून चौफुल्याकडे निघालेली एस.टी. ज्या फाट्यावर क्षणभर थांबल्यासारखे करते आणि थांबत नाही, त्या फाट्यापासून आत चिंचखोरी नावाचे गाव आहे. या गावाचे ग्रामदैवत भैरोबा. भैरोबाच्या देवळापुढे गुडघाभर उंचीचा एक दगडी चौथरा असून, चैत्रातल्या यात्रेला त्या चौथऱ्यावर सोळा हात उंचीची मानाची काठी उभी राहते. काठीवर हाताहाताच्या अंतराने सोळा पितळी कडी ठोकलेली आहेत. एक कडे म्हणजे एक आणा. थोरल्या घराचे निशाण सोळाव्या कड्याला फडकते आणि धाकट्या घराचे बाराव्या कड्याला. थोरले घर वरल्या आळीचे, धाकटे खालल्या आळीचे. हा सोळा आणे आणि बारा आणे मानाचा दंडक कोणी घातला हे आज कोणासही सांगता येत नाही. परंतु तो मोडला तर काय होईल हे मात्र गावातील प्रत्येकास, अगदी रांगत्या पोरासही, पक्के ठाऊक आहे.

हा दंडक केवळ निशाणापुरता नव्हता. थोरल्या घरच्या फेट्याला सोळा हात कापड, तर धाकट्या घरच्या फेट्याला बारा हात. थोरल्या घरी सोळा लाडवांचा प्रसाद, तर धाकट्या घरी बारा लाडवांचा. येणेप्रमाणे पिढ्यानपिढ्या सुरळीत चालले असता, सन एकोणीसशे शहाण्णवच्या यात्रेला गावात प्रथमच आकाशपाळणा आला, आणि घोटाळा झाला.

आकाशपाळणा दौंडच्या गनीभाईंचा. त्यांची थोरली बहीण चिंचखोरीत दिलेली असून तिची मुलगी सुमैया गावच्या हायस्कुलात अकरावीच्या विज्ञान वर्गात शिकत होती. भाचीने हट्ट धरला आणि मामूने टेम्पो भरून पाळणा आणला, इतकी साधी ती गोष्ट. एका मोठ्या लोखंडी चक्राला बारा बैठकी टांगलेल्या, शेजारी डिझेलचे इंजिन, त्याला पट्टा आणि चक्र थांबवण्यास लाकडी ब्रेक. गनीभाईंनी तो नेमका मानाच्या काठीला खेटून उभा केला. आणि काय योग पाहा! चक्राची सर्वांत खालची बैठक चौथऱ्याच्या पातळीला आली आणि सर्वांत वरची बैठक काठीच्या सोळाव्या कड्याला. जणू काय एकाच सुताराने दोन्ही वस्तू मापून केल्या होत्या.

"हितंच का उभा केला ओ, गनीभाई?" कोणीतरी विचारले.

"सुमैया बोली, मामू, हितंच लावा. जागा चांगली दिसती," गनीभाई म्हणाले. या उत्तराकडे त्या वेळी कोणी विशेष लक्ष दिले नाही.

आता पाळण्याचे उद्घाटन व्हायचे तर ते मानकऱ्यांनीच करायचे. थोरल्या घरचे पोपटराव आणि धाकट्या घरचे गेणबा हे दोघे नात्याने चुलतभाऊ. पोपटराव धिप्पाड, कपाळाला कायमची आठी. गेणबा बुटके, गोल आणि सदैव काहीतरी चघळत असलेले. दोघांनी एका बैठकीत मांडीला मांडी लावून बसणे अशक्य. कारण मग मान समसमान झाला असता. म्हणून भैरोबाच्या सभामंडपात गाव जमले आणि असे ठरले की, पाळणा फिरून जेव्हा थांबेल आणि वाजंत्री वाजेल, त्या घडीची उंची मानाची धरावी. त्या घडीला पोपटराव सोळा आण्यांवर असावेत आणि गेणबा बारा आण्यांवर.

"सोळा आण्याचं सोपं हाय, एकदम वर," पोपटराव म्हणाले. "पर बारा आण्याची बैठक कोणती, ह्ये कोण सांगणार?"

सर्वांच्या माना एकाच दिशेला वळल्या. तिथे खांबाला टेकून ज्ञानदेव मास्तर बसले होते.

ज्ञानदेव मास्तर हायस्कुलात गणित शिकवीत. त्यांच्या अंगात दोन गोष्टी थोर होत्या: एक त्रैराशिक आणि दुसरी मिशी. मिशी ओठावरून दोन्ही बाजूंस सरळ निघून गालाशी आकड्यासारखी वर वळलेली होती, आणि तिला रोज सकाळी खोबरेल तेलाचे बोट लागे. त्रैराशिकाविषयी बोलायचे तर, जगात असा कोणताही प्रश्न नाही जो त्रैराशिकाने सुटत नाही, अशी मास्तरांची प्रामाणिक श्रद्धा होती. इतक्या मजुरांना इतके दिवस, तर तितक्यांना किती? इतक्या उसाला इतका गूळ, तर तितक्याला किती? दहावीपर्यंत या श्रद्धेला कधी तडा गेला नाही.

परंतु दोन वर्षांपूर्वी हायस्कुलाला अकरावी-बारावीचे वर्ग जोडले गेले आणि मास्तरांच्या शांत आयुष्यात अकरावीची त्रिकोणमिती शिरली. काटकोन त्रिकोण होता तोवर मास्तरांचे पाय जमिनीवर होते. लगतची बाजू भागिले कर्ण म्हणजे कोसाइन, ठीक. पण पुस्तक पुढे गेले आणि कोन नव्वदच्या पलीकडे उघडू लागला. मास्तरांनी कोष्टक पाठ केले आणि यंदाच्या अकरावीपुढे फळ्यावर लिहिले, 'कोसाइन एकशेवीस बरोबर ऋण एक द्वितीयांश.' लिहून ते वळले तो सुमैयाचा हात वर.

"सर, काटकोन त्रिकोणात एक कोन नव्वदचा. राहिलेले दोन मिळून नव्वद. मग ह्यो एकशेवीस बसला कुठं?"

"कोष्टकात बसला. लिहून घे."

"आन् सर, बाजू भागिले बाजू, तर उत्तर ऋण कसं? बाजू काय जमिनीच्या खाली गेली का?"

वर्ग खदखदला. मास्तरांची मिशी थरथरली. उत्तर त्यांस ठाऊक नव्हते आणि ठाऊक नाही असे म्हणण्याची त्यांस सवय नव्हती. ते कडाडले, "उभी राहा! उत्तर डोक्यात शिरेपर्यंत बसायचे नाही."

"बरं सर," सुमैया म्हणाली आणि उभी राहिली.

मास्तरांच्या मते ही शिक्षा त्या तासापुरती होती. दुसऱ्या दिवशी ते वर्गात आले तर सुमैया उभी. "बस की खाली," मास्तर म्हणाले. "अजून शिरलं न्हाई सर," ती अत्यंत नम्रपणे म्हणाली. तिसऱ्या दिवशीही उभी. मग रोजच. बाकी सर्व तासांना ती बसे, फक्त गणिताला उभी राही. चेहऱ्यावर ना राग, ना रुसवा, केवळ आज्ञापालनाचे समाधान. मुख्याध्यापक खिडकीवरून जाताना विचारीत, "ही का उभी?" आणि मास्तर म्हणत, "पाठीला बरे असते." ती उभी मुलगी मास्तरांच्या डोळ्यांत कुसळासारखी सलू लागली होती.

असो. सभामंडपात सर्वांनी आपल्याकडे पाहताच मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला, कोळशाचा तुकडा घेतला आणि फरशीवर हिशेब मांडला.

"बैठकी एकंदर बारा. म्हणजे तळापासून माथ्यापर्यंत सहा पावले. सहा पावलांना सोळा आणे, तर बारा आण्यांना किती? बारा गुणिले सहा भागिले सोळा. साडेचार. साडेचारावे पाऊल म्हणजे बारा आणे."

"साडेचारावी बैठक कुठली ओ? चार हाय, पाच हाय," पोपटराव म्हणाले. "चौथी द्या त्याला."

"चौथी का म्हनून?" गेणबा चघळणे थांबवून म्हणाले. "अर्धं पाऊल माझं का मारता, दादा? पाचवी पायजे."

"पाचवी म्हंजी माझ्या अगदी शेजारी की रं! मांडीवरच येऊन बस ना!"

"शांत राहा," मास्तर म्हणाले. "गणितात याला नियम आहे. निम्मे आले की पूर्ण धरावे. साडेचारचे पाच. गेणबा पाचव्या बैठकीत बसतील. आण्या-दीडआण्याचा फरक पडेल, तो शास्त्राने माफ असतो."

"आन् जास्त पडला तर?" पोपटरावांनी आठी आणखी खोल केली.

आता खरे तर येथे मास्तरांनी थांबावयास हवे होते. परंतु सगळे गाव पाहत होते, आणि खांबाआड बायकांच्या घोळक्यात सुमैयाही उभी होती. येथेही उभीच! मास्तरांच्या डोक्यात सणक गेली.

"जास्त पडला तर ही मिशी भर यात्रेत उतरवीन!"

मंडपात आधी हुंकार उठला. मग कुजबुज, मग हास्य, आणि मग भिमा न्हावी कोपऱ्यातून म्हणाला, "मास्तर, वस्तरा लावून ठिवू का?"

लोक पांगले तेव्हा सुमैया जवळ आली. "सर, एक विचारू? मी काल मामूच्या पाळण्यात बसले होते. अगदी खाली आन् अगदी वर काहीच वाटत न्हाई. पर मधी, कडेला असताना, पोटात असा गोळा येतो. पाळणा सगळीकडं सारखाच चढत असंल, तर गोळा मधीच का येतो?"

"पाळण्यात बसण्यापूर्वी काय खाल्ले होतेस?"

"भेळ."

"मग भेळेने आला," मास्तर म्हणाले आणि चालू लागले. परंतु घरी जाईपर्यंत, का कोण जाणे, त्यांचा हात पुन्हा पुन्हा मिशीकडे जात होता.

यात्रेच्या दिवशी दुपार कलल्यावर काठी उभी राहिली. ऊन पितळी कड्यांवर चकाकत होते. दोन्ही आळ्या पाळण्याभोवती जमल्या. सोळा हाती फेटा बांधलेले पोपटराव पहिल्या बैठकीत चढले आणि लोखंड कण्हले. चक्र एक बैठक पुढे सरकले. मागून खाली आलेल्या बैठकीत बारा हाती फेट्याचे गेणबा बसले. पोपटराव माथ्यावर गेले की ही बैठक तळापासून पाचवी येणार होती. तोच गनीभाई पुढे आले.

"मास्तर, एक मामला हाय. दोन वजनदार माणसं एका अंगाला. समोर वजन पायजे, न्हाईतर ब्रेक धरणार न्हाई. सुमैया बोली की सर बसतील."

"मी?" मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. उंचीची त्यांस लहानपणापासून धास्ती. घराच्या माळ्यावर चढायचे तरी ते पत्नीस शिडी धरावयास लावीत.

"बसा की मास्तर! हिशेब तुमचा, मग भ्याव कशाचं?" वरली आळी ओरडली.

"मिशी आत घेऊन बसा, वाऱ्यानं उडंल!" खालली आळी ओरडली.

मास्तर बसले. पोपटरावांच्या अगदी समोरच्या बैठकीत. म्हणजे पोपटराव माथ्यावर जातील तेव्हा मास्तर तळाशी, आणि पोपटराव तळाशी असतील तेव्हा मास्तर माथ्यावर. त्यांनी दांडी घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले. इंजिन धडधडले. पाळणा फिरला, एक फेरा, दोन फेरे, आणखी काही. मग ब्रेकचे लाकूड किंचाळले, चक्र थांबले आणि वाजंत्री वाजू लागली.

वाजंत्री सुरू झाली तशीच बंद पडली. मास्तरांनी डोळे उघडले. ते स्वतः तळाशी, चौथऱ्याच्या पातळीला होते. सगळे गाव वर पाहत होते. मास्तरांनीही वर पाहिले.

पोपटराव सोळाव्या कड्यापाशी होते. ते बरोबर होते. आणि गेणबा? गेणबा पंधराव्या कड्यापाशी होते. पंधराव्या! केसभर कमी म्हणावे तर म्हणावे. दोघांचे फेटे जवळपास एकमेकांस लागले होते. गेणबांनी हात पुढे करून चंची उघडली.

"दादा, तंबाखू घ्या. हात पोचतोय."

"मास्तर!" वरून गर्जना झाली. "ह्ये बारा आणे व्हय? आरं ह्यो तर माझ्या कानात बोलतोय!"

"तीन आणे जास्ती! तीन आणे!" वरली आळी कडी मोजून ओरडली.

"वाजलं ते वाजलं! वाजंत्री झाली! पंधरा आणे आमचे!" खालली आळी नाचू लागली.

भिमा न्हाव्याने कुठूनसा वस्तरा काढून चामड्याच्या पट्ट्यावर घासावयास प्रारंभ केला. तो सटसट आवाज एवढ्या गोंगाटातही मास्तरांस स्पष्ट ऐकू आला.

"मला उतरवा आधी!" पोपटराव ओरडले. "आन् हळू, एक एक बैठक. मला गरगरतंय!"

गनीभाईंनी ब्रेक सैल केला. चक्र एक बैठक पुढे गेले आणि थांबले. यामुळे पोपटराव खाली पंधराव्या कड्यावर आले, हे ठीकच. परंतु त्यांच्या मागची बैठक गेणबांची, ती आपसूक माथ्यावर गेली. गेणबा सोळा आण्यांवर! वरल्या आळीत हाहाकार उडाला. "वाजवू न्हका! कोणी वाजवलं तर सनई फोडीन!" पोपटराव वाजंत्र्यांवर ओरडले. गेणबांनी मात्र चघळणे थांबवले, डोळे किलकिले करून चारी दिशांना एकदा पाहून घेतले आणि म्हणाले, "दादा, हितून आपला ऊस लई झ्याक दिसतोय."

या सर्व गदारोळात मास्तर एकटे होते. भीतीमुळे नजर कुठे तरी खिळवून ठेवणे आवश्यक होते, म्हणून ती समोरच्या काठीवर खिळली. त्यांची बैठक तळापासून एक पाऊल वर आली होती. आणि समोर कडे कितवे? पहिले. फक्त पहिले. त्रैराशिकाप्रमाणे पावलाला सुमारे पावणेतीन आणे चढावयास हवे होते. पाळण्याने मास्तरांस बाजूला बरेच नेले होते, पण वर जवळजवळ नेलेच नव्हते.

चक्र पुन्हा सरकले आणि थांबले. दुसरे पाऊल. चौथे कडे. म्हणजे या खेपेस तीन आणे चढले.

मास्तर भीती विसरू लागले. ते पुढे वाकले. चक्र पुन्हा सरकले. तिसरे पाऊल, आठवे कडे. चार आणे! मास्तर आता चक्राच्या मध्यावरच्या आसाच्या बरोबरीला होते, चक्राच्या अगदी कडेला, आणि त्यांच्या पोटात असा गोळा उठला की ते "अरेच्चा!" असे मोठ्याने म्हणाले. त्यांनी भेळ खाल्लेली नव्हती. सकाळपासून त्यांनी काहीच खाल्लेले नव्हते.

"हा तर सरळ वर उचलतो!" मास्तर स्वतःशीच पुटपुटले. "खाली आडवा सरकतो, कडेला उभा चढतो, आणि माथ्याशी पुन्हा आडवा. पाऊल तेवढेच, पण उंची तेवढी नाही. एक, तीन, चार. पुढे... पुढे चार, तीन, एक!"

चक्र पुन्हा सरकले. चौथे पाऊल. मास्तरांनी काठीकडे पाहिले. बाराव्या कड्याला धाकट्या घरचे निशाण फडफडत होते आणि त्याचा पदर मास्तरांच्या नाकाला लागत होता.

"बारा! थांबवा! बारा आणे!"

"आता काय झालं मास्तर?" गनीभाई खालून ओरडले.

परंतु मास्तरांस आता काही ऐकू येत नव्हते. चौथे पाऊल. पावलाला तीस अंश, तर चार पावलांचे किती? त्रैराशिकाने... होय, कोनापुरते त्रैराशिक चालते! एकशेवीस अंश. आसापर्यंत आठ आणे, आणि आसाच्या वर चार आणे. आसापासून बैठकीपर्यंतचा लोखंडी आरा आठ आण्यांचा. त्याचा निम्मा म्हणजे चार. निम्मा! एक द्वितीयांश! तळाशी होतो तेव्हा आसाच्या खाली होतो, आता आसाच्या वर आलो. खालचे धन मानले तर वरचे ऋण!

"ऋण एक द्वितीयांश!" मास्तर बैठकीत उभे राहून ओरडले. बैठक झुलली, तरी त्यांनी दांडी धरली नाही. "बाजू जमिनीखाली गेली नाही! आसाच्या वर गेली! त्रिकोण नको, चक्र हवे! सुमैया! अगं कोसाइन एकशेवीस! मी त्याच्यात बसलोय!"

"मास्तरास्नी गरगरलं," वरली आळी म्हणाली.

"मिशी जाणार म्हनून डोक्यावर परिणाम झाला," खालली आळी म्हणाली.

इंजिनापाशी उभ्या असलेल्या सुमैयाने तेवढ्या टाळ्या वाजवल्या.

आणि मग दुसऱ्या बाजूने, बरेच खालून, एक संतप्त आवाज आला. मास्तरांनी तिकडे पाहिले. मास्तर चार पावले वर चढले तेव्हा पोपटराव चार पावले खाली आले होते. ते चौथ्या कड्यापाशी लोंबकळत होते.

"मला चार आण्यावर टांगून मास्तर बारा आण्यावर नाचतोय! आरं, ह्या गावात मान शिल्लक हाय का न्हाई?"

सर्वांना खाली घेण्यात आले. पाय जमिनीस लागताच मास्तरांनी हात जोडले आणि मोठ्या आवाजात सांगितले, "मंडळी, माझा हिशेब चुकला. बारा आण्यांची बैठक चौथी आहे, पाचवी नव्हे. पोपटराव म्हणाले तेच खरे."

पोपटरावांची आठी किंचित सैल झाली. आपण केवळ चिक्कूपणाने चौथी म्हटली होती हे त्यांस ठाऊक होते. परंतु शास्त्राने ते खरे ठरत असेल तर त्यांची हरकत नव्हती. ते पुन्हा पहिल्या बैठकीत चढले. गेणबांना एक बैठक सोडून मागच्या बैठकीत बसवण्यात आले. मास्तर पुन्हा समोर, आणि या खेपेस कोणी आग्रह न करता. पाळणा फिरला, थांबला. सोळाव्या कड्याला पोपटराव, बाराव्या कड्याला गेणबा. तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. वाजंत्री वाजली आणि दोन्ही आळ्यांनी गुलाल उधळला.

"आता मिशी," पोपटराव खाली उतरताच म्हणाले.

भिमा न्हाव्याने मास्तरांस काठीच्या चौथऱ्यावर बसवले, गळ्याला पंचा गुंडाळला आणि ओठावर साबणाचा फेस केला. मास्तरांनी डोळे मिटले. शब्द दिला होता. तो पाळणे भाग होते. तोच गेणबा गर्दीतून पुढे आले.

"थांब रं भिमा. दादा, माझं ऐका. चूक कितीची झाली? तीन आण्याची. मग सोळा आणे मिशी कशापायी? तीन आण्याच्या चुकीला तीन आणे मिशी. त्रैराशिकच की!"

सोळा आण्यांवर एकवार जाऊन आलेला माणूस असा उदार होतो. गावाला हा न्याय एकदम पटला. पोपटरावांनीही थोडे पुटपुटून मान डोलावली. दोन्ही टोकांकडून दीड-दीड आणा उतरवायचा असे ठरले. भिमाने शाळेतली पट्टी मागवली, मास्तरांच्या ओठाखाली आडवी धरली आणि नाकाखालच्या मध्यापासून मिशीच्या बाहेरच्या कडेपर्यंत सरळ माप घेऊ लागला.

मास्तरांनी फेसातून एक डोळा उघडला. त्यांच्या मिशीचे शेवट गालाशी आकड्यासारखे वर वळलेले होते. पट्टीवरचा बाहेरचा दीड आणा म्हणजे ते अख्खे वळण, बुडापासून शेंड्यापर्यंत!

"पट्टी नको!" मास्तर किंचाळले. फेसाचा गोळा भिमाच्या बाहीवर उडाला. "दोरा घे! दोरा वळणावरून फिरव आणि शेंड्याकडून दीड आणा मोज!"

"का सर?" गर्दीतून अत्यंत निष्पाप आवाज आला. सुमैया पुढे झाली होती. "सरळ मोजलं काय आन् वळणावरून मोजलं काय, सारखंच की. त्रैराशिकानं."

सगळे गाव मास्तरांकडे पाहू लागले. भिमाचा वस्तरा हवेत थांबला.

"सारखे नसते," मास्तर म्हणाले. फेसामुळे त्यांचा आवाज जाडसर येत होता. "वळण जिथे उभे चढते तिथे ते आडवे सरकत नाही. म्हणून पट्टीवर थोडे दिसते, पण केस पुष्कळ असतात. पाळण्याचेही तेच. परवा तू पोटातल्या गोळ्याचे विचारलेस तेव्हाच मला हे कळायला हवे होते. गोळा भेळेने आला नव्हता."

"मला बी त्येच वाटलं व्हतं," सुमैया म्हणाली.

"भिमा, दोरा आण," पोपटराव म्हणाले, आणि त्या दिवसात ते प्रथमच हसले. दोरा वळणावरून फिरला, दोन्ही आकड्यांचे केवळ शेंडे उतरले, आणि मास्तरांनी ओठ चाचपून पाहिला. आकडे थोडे बोथट झाले होते, परंतु आकडे होते.

सोमवारी गणिताचा तास सुरू झाला. सुमैया नेहमीप्रमाणे उभी होती. मास्तरांनी फळ्यावर त्रिकोण काढला नाही. त्यांनी मोठे चक्र काढले, त्याला बारा बैठकी टांगल्या, शेजारी सोळा कड्यांची काठी उभी केली आणि चौथ्या बैठकीत एक लहानसा मिशीवाला माणूस बसवला. नंतर आसापासून त्या बैठकीच्या पातळीपर्यंत रेघ ओढून ते म्हणाले, "तळापासून निघालो. आसाच्या खाली असेपर्यंत धन, वर गेलो की ऋण. एकशेवीस अंशांवर आऱ्याच्या निम्म्याने वर. शिरले?"

सुमैयाने फळ्यावरची कडी बोटाने मोजली. मग तिने बाकावरची धूळ फुंकली, ओढणी सावरली आणि कित्येक आठवड्यांनी गणिताच्या तासाला ती खाली बसली. मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला आणि खडू खाली ठेवला.

"सर," सुमैया अर्धवट उठत म्हणाली, "माथ्यावरून पलीकडं उतरताना परत बाराव्या कड्याला येतो. तिथं कोन दोनशे चाळीस. मग त्याचं कोसाइन बी त्येच का? आन् तसं असंल, तर नुसत्या कड्यावरून कसं वळखायचं, माणूस चढतोय का उतरतोय?"

मास्तरांचा हात मिशीकडे गेला आणि बोथट आकड्याशी थांबला.

"आधी खाली बस," ते घाईघाईने म्हणाले. "यापुढे या वर्गात प्रश्न बसूनच विचारायचे."

आणि त्यांनी खडू पुन्हा उचलला.